सात आणि चार यांच्यामधले पाणी

गेल्या पावसाळ्यात, श्रावण नुकताच लागला होता तेव्हा, शेजारच्या घरातला मुलगा काचेचा एक पेला आणि पाण्याची आम्लता मोजणारे दोन पीएच पेन घेऊन आमच्या पडवीत आला. फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर त्याने घरामागे पारदर्शक छपराची एक लहानशी शेड उभारली आहे आणि पीव्हीसीच्या पाइपांमध्ये तो लेट्यूस आणि बेसिल पिकवतो. पणजीतली दोन-तीन उपाहारगृहे त्याचा माल घेतात. पेल्यात त्याच्या टाकीतले पाणी होते. त्याने माझ्यासमोर दोन्ही पेन त्या पाण्यात बुडवले. एकावर ६.० हा आकडा चटकन आला आणि तिथेच थांबला. दुसऱ्यावरचा आकडा बराच वेळ सरकत राहिला आणि अखेर ५.७ वर टेकला. त्याची आजी आमच्याच पडवीत सुपात तांबडी भाजी निवडत बसली होती. तिने मान वर करून दोन्ही पेनांकडे पाहिले आणि विचारले, "मागीर खंयचें खरें?" मुलाकडे उत्तर तयार होते. जो पेन लगेच स्थिर झाला तोच खरा, आणि शिवाय तो महागही होता, नवीनही होता. आजीचे समाधान झाले आणि ती पुन्हा भाजीकडे वळली. माझे मात्र झाले नाही, आणि नातवाचे उत्तर तिच्या प्रश्नापुढे फार अपुरे आहे ही रुखरुख मला पुढे कितीतरी दिवस लागून राहिली.

मातीत पेरणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण माती बरेच काही सांभाळून घेते. तिच्यातले चिकणमातीचे कण आणि कुजलेला पाला आम्लही पोटात घेतात आणि अल्कलीही, आणि मुळांपर्यंत धक्का पोहोचतो तो हळूहळू. पाण्यावर वाढणाऱ्या रोपाला असा कोणताही आधार नसतो. टाकीतले पाणी जसे असेल तसे ते थेट मुळांना लागते. बहुतेक पालेभाज्यांना पीएच साधारण ५.५ ते ६.५ यांच्या दरम्यान हवा असतो. तो वर गेला की लोह, मँगनीज आणि फॉस्फरस पाण्यात असूनही रोपाच्या हाती लागेनासे होतात. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि पाहणारा मनुष्य खत कमी पडले असे समजून आणखी खत घालतो. पीएच फार खाली गेला तर मुळांचीच हानी होते. शिवाय ही मोजपट्टी साध्या फुटपट्टीसारखी नाही: सहावरून पाचवर येणे म्हणजे आम्लता दसपट होणे, आणि ज्याला आपण सहज '०.३ चा फरक' म्हणतो त्यात आम्लता दुपटीने बदललेली असते. पेल्यातल्या त्या दोन आकड्यांमध्ये नेमका तेवढाच फरक होता.

आपल्याकडच्या पाण्यामुळे हा फरक अधिकच महत्त्वाचा ठरतो. जांभ्या दगडातून झिरपलेले विहिरीचे पाणी मृदू असते आणि त्यात क्षार थोडे असतात. देशावरच्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. तिथे टाकीत आम्ल ओतले तर त्याचा बराचसा भाग ते बायकार्बोनेटच खाऊन टाकते आणि पीएच जागचा हलत नाही. तिकडच्या शेतकऱ्याने सांगितलेले आम्लाचे माप इथे तसेच्या तसे वापरले तर पीएच थेट चारपर्यंत कोसळू शकतो. आमच्या विहिरीच्या पाण्याची आणखी एक खोड मी अनेकदा पाहिली आहे. ताजे उपसलेले पाणी मोजले तर आकडा खाली असतो, आणि तेच पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवले तर सकाळी तो चढलेला असतो. त्या पाण्यात विरघळलेला कर्बवायू रात्रीतून उडून गेलेला असतो, एवढेच. त्यातच क्षार कमी असलेल्या पाण्यात पेनाच्या टोकाला असलेल्या काचेच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे पाणी जोखणाऱ्या भागाला, नीट पकड मिळत नाही. आकडा भटकतो, आणि मीटर बिघडले असे वाटू लागते. म्हणून नुसत्या पाण्याचा पीएच मोजून त्यावर डोके खपवण्यात मला अर्थ वाटत नाही. आधी खत घालावे, ढवळावे, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग मोजावे; खतामुळे पीएच बहुधा आपोआपच खाली येतो आणि क्षार वाढल्यामुळे आकडाही लवकर ठरतो.

लहानपणी आमच्या घरात आम्ल आणि अल्कली ओळखण्याचे साधन हळद होती, अर्थात ते साधन आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. हळदीत चुन्याची निवळी पडली की ती लाल होते. कुंकू त्यातूनच व्हायचे. हळदीचा डाग लागलेल्या पातळावर साबण लावला की तो तांबडा व्हायचा आणि पाण्याने धुतला की पुन्हा पिवळा. पुढे महाविद्यालयात लिटमस आले, मग रंग बदलणारे थेंब आले, आणि शेवटी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, लाकडी पेटीसारखे दिसणारे काटा फिरणारे पीएच मीटर आले. त्या मीटरला हात लावण्याची परवानगी सहजासहजी मिळत नसे. तिथले प्रयोगशाळा सहायक वयस्कर होते, कमी बोलत, आणि काम संपल्यावर इलेक्ट्रोडचा बल्ब, म्हणजे टोकाचा काचेचा फुगा, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडलेला आहे की नाही हे स्वतः वाकून पाहिल्याशिवाय खोलीला कुलूप लावत नसत. "बल्ब सुकला की मीटर मेले," एवढेच ते सांगत. त्यामागचे कारण मला पुष्कळ नंतर समजले. त्या पातळ काचेच्या पृष्ठभागावर पाणी मुरून एक अतिशय तलम ओला थर तयार होतो आणि हायड्रोजनच्या आयनांशी सगळा व्यवहार त्या थरातच चालतो. तो थर सुकला तर काच काचच राहते, पण तिला पाण्याची चव कळेनाशी होते.

पीएच ही संकल्पना १९०९ साली कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी मांडली. ती प्रयोगशाळा एका बिअर कारखान्याची होती, आणि ते तिथे विकरांवर काम करत होते. मात्र सामान्य माणसाला सहज वापरता येईल असे मीटर यायला आणखी पंचवीस वर्षे गेली, आणि ते आले लिंबांमुळे. १९३४ साली कॅलिफोर्नियात फळबागायतदारांच्या संस्थेत काम करणारा एक रसायनतज्ज्ञ आर्नल्ड बेकमन यांच्याकडे अडचण घेऊन गेला. लिंबाच्या रसात टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे त्याचे लिटमस विटून जात असे, आणि काचेचा इलेक्ट्रोड वापरावा तर त्यातून निघणारा विद्युत संकेत इतका क्षीण होता की तो मोजण्यासाठी काच फार पातळ ठेवावी लागे आणि ती सतत फुटे. बेकमन यांनी निर्वात नळ्या वापरून तो संकेत वाढवणारे यंत्र बनवले, आणि मग काच जाड ठेवता येऊ लागली. आज आपण खिशात घालून फिरतो त्या पेनाच्या पोटात मुळात हीच युक्ती आहे. हा इतिहास मला केवळ आवडतो म्हणून सांगत नाही. इलेक्ट्रोडचा संकेत किती क्षीण असतो हे एकदा ध्यानात आले की गोव्याच्या पावसाळ्यात मीटर असे का वागते याचा उलगडा होतो.

काचेच्या बल्बचा विद्युत रोध कित्येक कोटी ओहम असतो. पीएच सात असलेल्या पाण्यात इलेक्ट्रोड जवळजवळ शून्य मिलिव्होल्ट देतो, आणि पंचवीस अंश तापमानाला दर एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्टचा फरक पडतो. एवढ्या प्रचंड रोधातून येणारा एवढासा विद्युत दाब मोजायचा असेल तर वाटेत त्याला गळती होऊन चालत नाही. जूनपासून आमच्याकडे सगळेच ओलसर होते. कपाटातल्या वह्यांना वास येतो, मिठाच्या बरणीत तळाला पाणी साचते, चपलांवर बुरशी धरते. तीच दमट हवा इलेक्ट्रोडच्या जोडणीत शिरते, किंवा पेनाच्या बॅटरीच्या खाचेतले रबरी कडे सैल झाले असेल तर आतल्या पट्टीपर्यंत पोहोचते. ओलाव्याच्या त्या अदृश्य पापुद्र्यातून दाब गळून जातो आणि उरलेला आकडा शून्य मिलिव्होल्टकडे, म्हणजे पीएच सातकडे, सरकतो. मीटर बंद पडत नाही की चूक झाल्याची खूणही दाखवत नाही. ते प्रत्येक पाण्याला थोडे थोडे सातच्या जवळ ओढते. बल्बला केसाएवढी चीर गेली तरी साधारण हेच घडते, आणि अशा वेळी आकडा फार लवकर स्थिर होतो, कारण हलण्यासारखे त्याच्यात काही उरलेलेच नसते.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला दोन्ही पेन घेऊन पुन्हा बोलावले आणि आम्ही बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचचे द्रावण बनवण्याच्या, पुड्या फोडल्या.

त्याच्याकडे फक्त सातची पुडी होती. दर आठवड्याला तो पेन सातच्या बफरमध्ये बुडवून बटण दाबत असे, पडद्यावर ७.० आले की त्याचे समाधान होई. त्याने हे मनापासून आणि नेमाने केले होते. पेनासोबत आलेल्या कागदावरही तेवढेच लिहिलेले होते. मी चारची पुडी अडीचशे मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली. चटकन थांबणारा महागडा पेन सातच्या बफरमध्ये अचूक ७.० दाखवत होता, आणि चारच्या बफरमध्ये ४.९. रेंगाळणारा जुना पेन सातला ७.१ दाखवत होता आणि चारला ४.१, म्हणजे तो सगळीकडे सारखाच दशांशाने पुढे होता. मग हिशेब सोपा झाला. पेल्यातले पाणी प्रत्यक्षात ५.६ होते. जुन्या पेनाने ५.७ सांगितले होते. सात ते चार हे तीनचे अंतर नवा पेन २.१ एवढेच दाखवत होता, म्हणजे त्याची संवेदना सुमारे सत्तर टक्क्यांवर आलेली होती, आणि सातपासून जितके दूर जावे तितका तो अधिक चुकत होता, ५.६ ला तो ६.० म्हणत होता. तानपुऱ्याचा षड्ज जुळला म्हणून पंचमही जुळला असे कोणी धरून चालत नाही, तसेच हे आहे. मुलाने मग स्वतःच कागदावर आकडेमोड केली. त्या नव्या पेनाच्या भरवशावर पाणी ५.५ वर आणायला तो आम्ल घालत गेला असता, तर पडद्यावर ५.५ दिसेपर्यंत टाकीतले पाणी ४.९ च्याही खाली गेले असते. हा आकडा कागदावर उतरल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने विचारले, "मावशी, मग कागदावर चारचा बफर का लिहीत नाहीत?" त्याचे उत्तर मला देता आले नाही. पेन विकणाऱ्याने दुसऱ्या पुडीचे पैसे वाचवले आणि घेणाऱ्याच्या पिकावर त्याचा भार टाकला, हे मला आजही अयोग्य वाटते.

नवा पेन आम्ही टाकून दिला नाही. बल्बवर बोटाला जाणवेल न जाणवेल असा बुळबुळीत थर होता. टाकीतले शेवाळ आणि खतातला कॅल्शियम फॉस्फेट मिळून असा थर बसतो. अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे, मग स्वच्छ पाण्याने धुऊन रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, आणि बॅटरीची खाच उघडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात, असा उपचार केला. सकाळी त्याने चारच्या बफरला ४.३ दाखवले. सुधारणा पुष्कळ होती, पण चांगल्या इलेक्ट्रोडची संवेदना पंच्याण्णव टक्क्यांच्या वर असते आणि हा नव्वदच्या आसपासच पोहोचला होता. दोन्ही बफरवर जुळवून घेतल्यावर तो कामापुरता चालू लागला, तरी तो उतारवयाला लागला आहे हे आता माहीत होते. इलेक्ट्रोड वापरला तरी झिजतो आणि नुसता खोक्यात पडून राहिला तरी झिजतो. साधारण एक-दोन वर्षे हेच त्याचे आयुष्य. दुकानातल्या फडताळावर तो किती महिने सुकत पडलेला होता हे खोक्यावर कुठेच छापलेले नसते. नवीन पेन आणल्यावर पहिल्याच दिवशी तो सात आणि चार या दोन्हींत बुडवून पाहावा असे मी आता प्रत्येकाला सांगते.

मोजण्याच्या कृतीकडेही फारसे कोणी लक्ष देत नाही. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना बल्ब डिस्टिल्ड वॉटरने धुवावा आणि टिपकागदाने नुसता टिपावा. कापडाने चोळला तर काचेवर स्थिर विद्युत साठते आणि आकडा काही वेळ भलतीकडेच जातो. पेन हलकेच एकदा फिरवून मग स्थिर धरावा आणि घाई करू नये. टोपणाच्या कडेला पांढरे, मिठासारखे स्फटिक जमलेले दिसले की अनेकांना पेन खराब झाला असे वाटते. ते पोटॅशियम क्लोराइड असते, धुतले की जाते, आणि ते दिसते आहे म्हणजे टोपणात द्रावण होते एवढे तरी नक्की. टोपणात डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवणे मात्र वाईट, कारण ते इलेक्ट्रोडच्या आतले क्षार बाहेर ओढून घेते. तापमानाची काळजी मात्र आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त केली जाते. पंचवीस आणि तीस अंशांमधला फरक आपल्याला लागणाऱ्या पट्ट्यात दोन-तीन शतांशांचा असतो, आणि मळलेला बल्ब त्याच्या दसपट चुकवतो. फक्त बफर फ्रिजमध्ये ठेवत असाल तर तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, कारण गार द्रावणात इलेक्ट्रोड मंदावतो. आणि टाकीत कायम बुडवून ठेवायचे, विजेवर चालणारे मीटर असेल तर पंप बंद करून एकदा आकडा पाहावा. पंपातून पाण्यात विजेची बारीकशी गळती होत असेल तर पंप बंद करताच आकडा उडी मारतो, आणि ती उडी दिसली की मीटरच्या आधी पंपाची तपासणी करावी, कारण त्याच पाण्यात आपण हात घालतो.

वेळेचेही तसेच. मुळे नायट्रेट घेतात तेव्हा पाण्याचा पीएच चढतो, अमोनियम घेतात तेव्हा उतरतो. टाकीवर ऊन पडून शेवाळ धरलेले असेल तर दुपारी ते पाण्यातला कर्बवायू ओढून घेते आणि आकडा आणखी वर जातो. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा वेगळे आले म्हणून मीटरवर शंका घेणारे पुष्कळ भेटतात, आणि तिथे मीटर बहुधा बरोबर असते. एकच वेळ ठरवून रोज त्याच वेळी मोजले तर आकड्यांची आपापसात तुलना करता येते. मुलाने आता एक वही घातली आहे. तीत टाकीच्या आकड्याच्या आधी दोन रकाने आहेत, सातला काय दिसले आणि चारला काय दिसले. चारच्या रकान्यातला आकडा वर सरकू लागला की इलेक्ट्रोड थकत चालला आहे हे आधीच कळते, पाने पिवळी पडेपर्यंत थांबावे लागत नाही.

आता त्याला स्वयंचलित यंत्र घ्यायचे आहे, जे स्वतःच पीएच मोजते आणि स्वतःच आम्लाचे थेंब सोडते. त्याची हौस मला समजते. बेळगावहून रोज येणाऱ्या भाजीच्या गाड्यांकडे पाहत वाढलेल्या इथल्या मुलाला आपल्या परसात, आपल्या हाताने, वर्षभर पीक काढावेसे वाटणे ही गोष्ट मला मनापासून आनंदाची वाटते, आणि त्याला पाय मागे घ्यायला सांगणे मला जड जाते. तरी मी त्याला सांगितले की पावसाळा संपेपर्यंत थांब. ज्या महिन्यांत ओलाव्यामुळे इलेक्ट्रोड प्रत्येक पाण्याला सातकडे ओढतो, नेमक्या त्याच महिन्यांत ते यंत्र पाण्याची आम्लता कमी झाली असे समजून आम्ल सोडत राहील, आणि आपल्या मृदू पाण्यात ते सोसण्याची ताकद नाही. चवथीला तो घराला कुलूप लावून सगळ्या कुटुंबासह मूळ घरी जातो, दीड दिवसांचा गणपती असला तरी परत यायला चार-पाच दिवस लागतातच, आणि त्या दिवसांत टाकीकडे पाहायला कोणी नसते. आम्ही दोघांनी मिळून वेगळी सोय ठरवली: टाकी काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे जास्त पाण्यात पीएच हळू बदलेल, खतात नायट्रेटसोबत थोडे अमोनियम ठेवायचे, म्हणजे चढ आणि उतार एकमेकांना तोलून धरतील, आम्लाची बाटली मात्र जोडायची नाही. परत आल्यावर आधी चारचा बफर, मग सातचा, आणि हे दोन्ही जुळल्यानंतरच टाकीचे झाकण उघडायचे. यंत्राचे पैसे त्याने बाजूला ठेवले आहेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आम्ही ते घ्यायला एकत्र जाऊ, आणि सोबत बदलता येईल असा सुटा इलेक्ट्रोड मिळतो का ते आधी विचारू.